सतरावी टाळी

पौषातली खरसुंडीची यात्रा. देवळाकडून गुलाल-खोबऱ्याचा वास येत होता आणि बाजाराच्या माळावर शेणाचा, कडब्याचा, टेम्पोच्या डिझेलचा. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, पहाटेपासून हौशीचं दावं धरून उभे होते. मी सांगलीहून सुट्टी काढून गेले होते. "तू येऊन काय करणार बाजारात?" असं आबांनी आधी विचारलं होतं, पण आलेच म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं, कारण एरवी हात आखडता असणाऱ्या माणसानं दोनदा चहा मागवला. दहाच्या सुमाराला एक व्यापारी आला. खांद्यावर टॉवेल, गालात तंबाखू. त्यानं हौशीचा जबडा उघडून दात बघितले, शिंगांच्या बुडाशी हात फिरवला, कास चाचपली, चार पावलं चालवून बघितलं. गाय पसंत पडल्यासारखी दिसत होती. मग जाता जाता तो तिच्या मागं गेला आणि कानापासून हातभर अंतरावर त्यानं फाडकन टाळी वाजवली.

हौशी रवंथ करत राहिली.

"बहिरी हाय की ओ ही," तो म्हणाला. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. टॉवेलखाली त्याचा आणि आबांचा हात पुन्हा गेला. बाजारातला हा प्रकार मी लहानपणापासून बघत आले आहे. चारी बाजूंनी हंबरडे, भोंगे, खेळणीवाल्यांच्या पिपाण्या, आणि खरं बोलणं तेवढं टॉवेलखाली, बोटांनी, बिनआवाजाचं. पस्तिसावर आलेला गडी अठ्ठाविसावर उतरला, हे आबांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी फक्त हात बाहेर काढला आणि म्हणाले, "ऐकती की. पण तुमचं कशाला ऐकंल?" लोक हसले. व्यापारी पण हसला आणि पुढच्या खोंडाकडं गेला. संध्याकाळी हौशी त्याच टेम्पोतून घरी परत आली.

हौशीला विकायचं चुलत भावाच्या मनात दोन वर्षांपासून होतं. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या खानापूर तालुक्यातल्या माळावर ऊस आणि द्राक्षं आली, गोठ्यात चार होस्टन गाई आल्या, आणि दोन वेळचं मिळून तीन लिटर दूध देणारी खिल्लार ही 'आबांची हौस' होऊन बसली. नाव तिचं आधीपासूनच हौशी. भावाचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. हिशेब तो घालतो, मी पुरणपोळीपुरती जाते. पण ती टाळी माझ्या डोक्यातून जाईना. परतीच्या एसटीत, बँकेत, रात्री झोपताना मला ती गाय दिसायची, जबडा डावीकडून उजवीकडं हलवत, शांत. तिला ऐकू येत नव्हतं का? की आलं होतं आणि तिनं त्याला महत्त्व दिलं नाही? बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ह्या दोन्हींत फरक कसा करता येणार?

आपल्या भाषेत ह्या गोंधळाची सोय करूनच ठेवली आहे. बैल ऐकत नाही, पोरगं ऐकत नाही, नवरा ऐकत नाही. ह्यांतल्या एकालाही कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं नसतं. ऐकू येणं हे ज्याचं त्याला, आत. ऐकणं दुसऱ्याला दिसतं. आणि दुसऱ्याला दिसतं तेवढंच मोजता येतं.

मी स्वतः अशा एका मोजणीत खोटी पास झालेली आहे. चौथीत असताना शाळेत कानांची तपासणी झाली. टेबलावर राखाडी रंगाची पेटी, स्पंज फाटलेला हेडफोन, आणि समोर बसलेले एक घामेजलेले गृहस्थ. "आवाज आला की बोट वर करायचं." उजव्या कानात बारीक पिपाणी वाजत गेली, मी बोट वर करत गेले. मग डाव्या कानात काही येईना. माझ्या आधीच्या मुलीनं पटापट बोटं वर केलेली मी पाहिली होती. मागं पन्नास पोरं रांगेत. मी खाली बघितलं, तर त्यांचा अंगठा बटणावर होता. बटण दाबताना नखाचा गुलाबी भाग पांढरा पडायचा. नख पांढरं, की माझं बोट वर. वहीत माझ्या नावापुढं दोन्ही कानांना 'चांगले' लिहिलं गेलं आणि मला एक गोळी मिळाली, लिमलेटची.

सव्विसाव्या वर्षी, फोन नेहमी उजव्याच कानाला का लावते असं मैत्रिणीनं विचारल्यावर, मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेले. तिथं खोली बंद होती, मशीन चालवणारी मुलगी काचेपलीकडं होती, आणि तिचे हात मला दिसत नव्हते. डाव्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज बरेच कमी येतात, बहुधा लहानपणापासून. "शाळेत कधी तपासलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं. तपासलं होतं, म्हणाले मी. दुसरं काय सांगणार.

हौशीच्या टाळीनंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचायला लागले, आणि पहिल्यांदा भेटला तो आमच्या खरसुंडीच्या व्यापाऱ्याचाच एक पूर्वज. फ्रान्सिस गॉल्टन. ह्या इंग्रज गृहस्थानं १८७६ मध्ये माणसाच्या कानाला न झेपणाऱ्या वरच्या पट्टीची शिटी बनवली. ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवली, मुठीपाशी दाबायला रबराची सोय केली, आणि काठी घेऊन तो प्राणिसंग्रहालयात फिरला. काठीचं टोक जनावराच्या कानाजवळ न्यायचं, जनावर तिला सरावलं की हळूच शिटी दाबायची, आणि कान टवकारले का बघायचं. मांजरं सगळ्यांत तिखट निघाली. गावातल्या रस्त्यांवरही त्यानं शिटी वाजवली, तेव्हा लहान कुत्री वळून बघत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात तर रस्त्यावर निवांत पडलेली मोठी कुत्री भरपूर होती. तासन्‌तास शिट्ट्या मारल्या. मोठ्यांपैकी एकानंही दाद दिली नाही. मोठ्या कुत्र्यांना एवढा बारीक आवाज ऐकू येत नाही, असा त्यानं निष्कर्ष काढला. (१८८३ साली हे सगळं छापताना त्यानंच माणसांचा 'वंश सुधारण्या'च्या कल्पनेला नाव दिलं. दिसतं त्यावरून निकाल लावायची घाई माणसाला कुठवर नेते ते बघा.)

बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या हेन्री हेफनर ह्या संशोधकानं मोठी आणि छोटी कुत्री पुन्हा तपासली, चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंत. आकारानं काही फरक पडत नाही असं निघालं. सेकंदाला साधारण ४५,००० कंपनांपर्यंतचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो. आपल्याला तरुणपणी २०,००० पर्यंत. म्हणजे बर्नच्या त्या मोठ्या कुत्र्यांना शिटी बहुतेक व्यवस्थित ऐकू येत असणार. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, कोण कुठला काठीवाला माणूस. त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

हेन्री आणि त्याची बायको रिकी मिळून असे बरेच प्रयोग करत. ह्या हेफनर दांपत्यानं गॉल्टनपेक्षा वेगळं काय केलं? जनावर वळून बघेल ह्याची वाट बघत ते बसले नाहीत. ऐकण्यात त्याचा काही फायदा ठेवला. आधी जनावर तहानलेलं ठेवायचं. आवाज आला आणि त्यानं ठरलेली फळी नाकानं दाबली तर पाणी. आवाज नसताना दाबली तर पाणी नाही, वर थोडा वेळ थांबायचं. आठवड्यांमागून आठवडे ही शिकवणी चालायची, मगच खरी मोजणी. मग आवाज बारीक करत न्यायचा, इतका की दहांतून पाच वेळाच जनावराला जमेल. ती त्याच्या कानाची पायरी. आणि मधे मधे, न सांगता, काहीच वाजवायचं नाही. हे मला फार आवडलं. गप्प राहून बघायचं की हे लबाड तरीही फळी दाबतं का. माझ्या चौथीतल्या त्या गृहस्थांनी हे एकदा जरी केलं असतं! उगीच अंगठा हलवला असता, आवाज न देता, तर मी तिथंच सापडले असते.

अंगठ्यावरून हान्स आठवतो. बर्लिनमधला तो घोडा, जो बेरजा-वजाबाक्या करून खुरानं उत्तर ठोकायचा. ऑस्कर फुंग्स्टनं १९०७ मध्ये दाखवून दिलं की उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलते, आणि घोडा तेवढं बघून थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसतच नसला, की हान्सचं गणित बंद. बिचाऱ्याची त्यानंतर नाचक्की झाली म्हणतात. माझ्या मते त्याला शाबासकी द्यायला हवी होती. लिमलेटची गोळी तरी.

दुसरी एक पद्धत आहे, ती वाचताना मात्र मी अडखळले. तहानलेलं जनावर नळीतून थोडं थोडं येणारं पाणी चाटत असतं. मधेच आवाज होतो आणि त्यापाठोपाठ विजेचा बारीक झटका. दोन-चार दिवसांत जनावर शिकतं, आवाज आला की जीभ मागं घ्यायची. आता त्याला काही विचारावं लागत नाही. पाणी पिता पिता ते थांबलं, की ऐकलं. एवढं साधं. झटका फार सौम्य असतो आणि जनावर पुन्हा नळीशी येतं, हेही लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसावं. तरी मला वाटलं ते वाटलंच. कार्ल फॉन फ्रिशनं १९२३ मध्ये मासे बहिरे नसतात हे सिद्ध केलं, ते एका छोट्या मार्जारमाशाला शिटी वाजली की खाणं मिळतं हे शिकवून. शिटी वाजली की मासा आपल्या लपायच्या नळीतून बाहेर यायचा, खाणं नसलं तरी. काय गोड गोष्ट. फक्त त्याला काही दिसून तो येत नाही ना, ह्याची खात्री करायला त्या माशाचे डोळे आधी काढलेले होते. ही ओळ वाचून मी फोन पालथा घातला आणि भाजी निवडायला बसले. पण गंमत म्हणा की दुटप्पीपणा, तासाभरानं पुढं वाचायलाही मीच बसले.

कारण पुढं गाई होत्या. गाई-घोड्यांचे कानही हेफनर दांपत्यानं १९८३ मध्येच मोजले. त्याआधी त्यांनी कॅन्ससमध्ये एका तरुण आशियाई हत्तीणीचे कान मोजले होते. हत्तीला अगदी खालच्या पट्टीतलं, सतरा कंपनांपर्यंतचं ऐकू येतं. वर मात्र दहा-साडेदहा हजारांशी त्याचा कान संपतो. गाय खाली तेवीस कंपनांपर्यंत आणि वर ३५,००० पर्यंत ऐकते. म्हणजे गोठ्यात आपण दोघं उभे असताना जे वाजतंय, त्यातलं बरंच फक्त तिलाच वाजतंय. आठ हजारांच्या आसपास तिचा कान सगळ्यांत तीक्ष्ण. पण आवाज कुठून आला हे सांगण्यात ती अगदीच ढ. समोरून एकेक अंशाच्या फरकानं आलेले दोन आवाज आपण वेगळे ओळखतो, गाईला तो फरक तीस अंशांच्या आसपास लागतो. त्यांनी ह्याचं दिलेलं कारण मला पटलं. नेमकं नजर रोखून बघायचं असेल, तर डोळे कुठं वळवायचे हे कानानं सांगावं लागतं. गाईची नजर आडवी पसरलेली. जवळजवळ सगळं रान तिला मान न हलवता दिसतं. मग वळून बघायची गरज काय? त्या व्यापाऱ्याचे हात टाळीसाठी वर गेलेले हौशीनं डोळ्याच्या कडेनं पाहिले असतील, अशी दाट शक्यता आहे.

एवढं वाचून झाल्यावर गप्प बसवेना. पुतणी आठवीत आहे, तिला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा चेकाळली. पुढचे सात-आठ रविवार मी गावी गेले. आबा म्हणाले, "गाईची शाळा काढली व्हय?" तेलाच्या डब्याचं झाकण आम्ही मेढीला हौशीच्या नाकाच्या उंचीवर ठोकलं. फोनवर हव्या त्या कंपनाचा आवाज काढणारं ॲप. बक्षीस शेंगदाण्याच्या पेंडीचा तुकडा. तहानलेलं वगैरे ठेवायची आमची हिंमत नव्हती, आबांनी आम्हालाच मेढीला बांधलं असतं. आठ हजारांपासून सुरुवात केली. तो आवाज आपल्याला सुईसारखा लागतो. पहिल्या रविवारी हौशीनं झाकण चाटलं, हुंगलं, शिंगानं उपटलं. दुसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं की झाकणाला नाक लावलं की पेंड मिळते, आणि मग ती सारखीच नाक लावत सुटली. आवाज असो नसो. पुतणी पाठ फिरवून वीस आकडे मोजायची, हौशी तिच्या पाठीला लाळ पुसायची. तिसऱ्या रविवारी एकदम शंभर टक्के! आम्ही नाचलो. मग पुतणीच म्हणाली, "आत्या, मी आधी पिशवीत हात घालते, मग तुला खूण करते. ती माझा हात बघतीय." खरंच की. त्यानंतर पुतणी कुडाच्या पलीकडं गेली, पेंड कुडाच्या फटीतून. फोन सुरू होताना 'टिक' व्हायचं, तेही तिनंच पकडलं. आवाज शून्यातून हळूहळू वाढवायला लागलो. विहिरीवरची मोटार बंद असेल तेवढीच वेळ खरी. गाणी लावून उसाचा ट्रॅक्टर गेला की सगळं नव्यानं. हौशीच्या कानाची नेमकी पायरी आम्हाला काही मिळाली नाही. फोनच्या स्पीकरवर ती मिळतही नाही. खालचे आवाज त्यातून निघत नाहीत, आणि किती जोरानं वाजतंय हे मोजायला आमच्याकडं काही नव्हतं. पण आकडा वहीत लिहायचाच, असा पुतणीचा नियम.

सहाव्या की सातव्या रविवारी आम्ही वर चढत गेलो. दहा हजार, बारा, तेरा. चौदा हजाराला मला काहीतरी असल्यासारखं वाटलं, उजव्या कानात, धुक्यासारखं. पंधरा हजाराला फोन बंद पडला.

"बंद पडला गं," मी म्हणाले.

"वाजतोय की आत्या! लई टोचतंय," कुडाच्या मागून पुतणी ओरडली. फोनच्या पडद्यावर आवाजाची रेघ थरथरत होती. मी फोन उजव्या कानाला लावला, मग सवयीनं डाव्याला. काही नाही. आणि तेवढ्यात हौशीनं मान पुढं केली आणि झाकणाला नाक लावलं. टण्ण. आम्ही वीस वेळा केलं, दहा वेळा आवाज देऊन, दहा वेळा न देता, पुतणीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमानं. आवाज असताना हौशीनं आठ वेळा नाक लावलं, नसताना दोन वेळा. मी त्या गोठ्यात मधोमध उभी. पुढं गाय, मागं पोर, त्या दोघींना काहीतरी ऐकू येत होतं, आणि त्या काय ऐकताहेत हे मी एकीच्या नाकावरून आणि दुसरीच्या आठ्यांवरून ओळखत होते. चौथीतला तो अंगठा आठवला. हसूही आलं आणि घशाशी काहीतरी आलं. वय होतं तसं वरचे आवाज आधी जातात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं वेगळं.

संध्याकाळी आबा ओट्यावर चहा घेत होते. मी वही घेऊन शेजारी बसले आणि सांगितलं, हौशीला ऐकू येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. आबांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला काय सांगतीस? त्या दिवशी पाटेपासनं सोळा जणांनी टाळ्या पिटल्या तिच्या कानाशी. मी मोजत हुतो. पयल्या दोघा-तिघांच्या वक्ताला बिचकली, कान फिरवलं. मग कळलं तिला, ह्यातनं कायबी निघत न्हाई. त्यो आला तवर सतरावी टाळी हुती."

सात हजारांचा फरक, मी मनात म्हटलं. एक वाक्य बोलले असते तर गडी पुन्हा पस्तिसावर आला असता, आणि संध्याकाळी टेम्पो रिकामा परतला असता.

"मग हे तुम्ही त्याला सांगितलं का नाही, आबा?"

बशी ओठांपाशी थांबली. गोठ्यात हौशीनं मान हलवली असावी, घंटा दोनदा वाजली. मग आबांनी उरलेला चहा फुर्रकन ओढला, बशी पालथी घालून ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघत म्हणाले,

"काय म्हणलीस?"